बगळा बोलावतो, कावळा सोडवतो

कावळा काही केल्या शिवेना.

भालकी तालुक्यात मांजरेच्या काठावर आजीच्या दहाव्याचं पान मांडलं होतं. भाताचा पिंड, वर काळे तीळ, बाजूला तिला आवडायचा तो गुळाचा खडा. ऊन चढत होतं. समोरच्या बाभळीवर चार कावळे बसलेले, पण खाली एकही उतरेना. 'जीव कशात अडकला असंल?' माणसं दबक्या आवाजात एकमेकांना विचारत होती. शेवटी मामा पुढं झाला. हात जोडून मोठ्यानं म्हणाला, "आई, धाकटीचं लग्न मी करतो. तू काळजी करू नको." थोड्या वेळानं एक कावळा उतरला, पानाभोवती दोन उड्या मारल्या आणि पिंडात चोच घातली. बाया मागं चिंचेखाली बसल्या होत्या. तिथून पहिला हुंदका आला. मी नऊ वर्षांचा होतो.

ती धाकटी म्हणजे माझी मावशी. गेल्या दिवाळीत तिच्या शेजारी बसून मी हायाओ मियाझाकींचा 'द बॉय अँड द हेरॉन' पाहिला. आई गमावलेला एक मुलगा, त्याला बोलवायला येणारा एक पक्षी, पाण्याखालचं जग, आगीतून चालणारी मुलगी आणि एक दगड. मावशीला जपानी येत नाही, इंग्रजीही नाही. तरी दोन तासांत तिनं एकदाही 'हे काय चाललंय?' असं विचारलं नाही. विचारणार कशाला? त्या सिनेमातलं अद्भुत वाटणारं जवळजवळ सगळं आमच्या बीदर-कलबुर्गीच्या पट्ट्यात पूर्वीपासून नांदतंय. पुढं जे लिहिलंय ते त्याच आनंदात गोळा केलेलं. सिनेमा पाहिला नसेल तर शेवटाचा उलगडाही यात आहे, एवढं आधीच सांगतो.

आधी सिनेमाची कुंडली

जपानमध्ये हा सिनेमा १४ जुलै २०२३ रोजी लागला. ट्रेलर नाही, जाहिरात नाही, नुसतं बगळ्याचं एक पोस्टर. तरी लोकांनी गर्दी केली. मार्च २०२४ मध्ये त्याला ऑस्कर मिळालं तेव्हा मियाझाकी ८३ वर्षांचे होते.

त्यांनी २०१३ मध्ये निवृत्ती जाहीर केली होती. मग पुन्हा पेन्सिल हातात घेतली. साठ चित्रकार बसायचे आणि महिन्याला जेमतेम एक मिनिटाचा सिनेमा तयार व्हायचा, असं निर्माते तोशिओ सुझुकी यांनी २०२० मध्ये सांगितलं होतं. पूर्ण सिनेमा १२४ मिनिटांचा आहे. हिशेब तुम्हीच करा!

जपानी नाव वेगळंच आहे. त्याचा अर्थ 'तुम्ही कसे जगणार?' गेन्झाबुरो योशिनो यांच्या १९३७ सालच्या पुस्तकाचं हे नाव. सिनेमात मुलाला तेच पुस्तक सापडतं. तू मोठा झालास की वाच, म्हणून आईनं त्याच्यासाठी लिहून ठेवलेलं. तो वाचतो, आणि पानावर टपटप आसवं पडतात. आईच्या मरणानंतर पोटभर रडायला त्याला एवढा वेळ लागला.

मुलाचं नाव माहितो. मराठी कानाला ते 'माहीत'च्या जवळचं वाटतं. जपानीत त्याचा अर्थ 'खरा माणूस'.

आणखी एक गोष्ट, जी कळल्यावर मी सिनेमा दुसऱ्यांदा पाहिला. मियाझाकींचे गुरू, सहकारी आणि आयुष्यभराचे प्रतिस्पर्धी इसाओ ताकाहाता ५ एप्रिल २०१८ रोजी गेले. सिनेमात मुलाच्या आईकडचे एक वृद्ध आजोबा बुरुजात राहतात, ते ताकाहातांवर बेतलेले. सुझुकींच्या सांगण्याप्रमाणे ताकाहाता गेल्यावर मियाझाकींचं काम काही काळ थांबलंच. आजोबा आणि मुलगा यांची म्हणून रंगवलेली गोष्ट मग मुलगा आणि बगळा यांची झाली. बगळा म्हणजे खुद्द सुझुकी. म्हणजे शोकाबद्दलचा सिनेमा काढता काढता काढणाऱ्यालाच शोक गाठून गेला, आणि गोष्टीनं वळण घेतलं.

माय मरो, मावशी उरो

माहितोची आई टोकियोतल्या इस्पितळाच्या आगीत जाते. युद्धाचं तिसरं वर्ष. पुढच्या वर्षी वडील त्याला गावाकडे घेऊन येतात. स्टेशनवर न्यायला आलेली बाई हुबेहूब आईसारखी. ती आईची धाकटी बहीण नात्सुको. वडिलांनी तिच्याशी लग्न केलंय आणि ती पोटुशी आहे.

परदेशी प्रेक्षकांना हे नातं समजून घ्यावं लागतं. आपल्याकडे त्यासाठी म्हणच आहे. लेकरांना सावत्र आई नको, मावशी हवी, म्हणून मेव्हणीशी पुन्हा लग्न लावण्याची रीत आपल्या किती घरांत होती! आमच्या सीमेवर तर तिला तीन भाषांत तीन नावं. मराठीत मावशी. दखनीत खाला. कन्नडमध्ये चिक्कम्मा, म्हणजे शब्दशः धाकटी आई. भालकीच्या एकाच गल्लीत ही तिन्ही नावं संध्याकाळी हाका मारताना ऐकू येतात.

पण माहितो तिला आई म्हणत नाही. 'वडिलांना आवडणारी बाई' एवढंच. मग नात्सुको जंगलात नाहीशी होते आणि तो तिला शोधायला पाताळात उतरतो. बाळंतिणीच्या खोलीत ती त्याच्यावर ओरडते, तू मला नकोस म्हणते. चहूकडून कागदाच्या पांढऱ्या पट्ट्या त्याच्या अंगाला डसू लागतात. त्या धुमश्चक्रीत त्याच्या तोंडून पहिल्यांदा 'नात्सुको आई' निघतं. बस्स, दोनच शब्द. माझ्या मते अख्खा सिनेमा त्या दोन शब्दांसाठी काढलाय. नुसतं 'आई' म्हटलं असतं तर जुनी आई पुसली गेली असती. नाव लावून आई म्हटल्यानं दोघी राहिल्या.

मियाझाकींची स्वतःची आई अशी गेली नव्हती. ती मणक्याच्या क्षयानं वर्षानुवर्षं अंथरुणाला खिळली होती. पुढं बरी झाली, १९८३ पर्यंत जगली. वडिलांचा कारखाना मात्र सिनेमातल्यासारखाच लढाऊ विमानांचे सुटे भाग बनवायचा.

राखी रंगाचा लबाड

सिनेमातल्या पक्ष्याला मराठीत राखी बगळा म्हणतात. राखेच्या रंगाचा, साधारण मीटरभर उंच, उडताना मान आखडून घेणारा. हिवाळ्यात कारंजा जलाशयाच्या कडेनं सकाळी फेरी मारा. उथळ पाण्यात एका पायावर तासन्‌तास थिजलेला दिसेल. जपानीत त्याला 'निळा बगळा' म्हणतात. रात्री त्याच्या अंगातून निळसर उजेड निघतो, अशी तिथली जुनी समजूत. अठराव्या शतकातल्या भुताखेतांच्या चित्रपुस्तकात त्याचं चित्रही आहे.

सिनेमातला बगळा खोटारडा. तुझी आई जिवंत आहे, चल दाखवतो, असं सांगून तो मुलाला बुरुजात नेतो. आई कोचावर झोपलेली दिसते. हात लावला की पाणी होऊन ओघळून जाते. बगळ्याच्या या गुणाला मराठीत नाव द्यायची गरजच नाही. बगळाभगत, बकध्यान हे शब्द आपल्याकडे ढोंगी माणसासाठी किती पिढ्या चालत आलेत.

पण दुसरा बगळाही आपल्या गोष्टींत आहे. महाभारतात तळ्याकाठी चारही भाऊ मरून पडलेले, आणि युधिष्ठिराला समोर दिसतो तो बक. प्रश्नांची उत्तरं दे, मगच पाणी पी, असं तो सांगतो. पुढं तो यक्ष निघतो. उत्तरं बरोबर आल्यावर भाऊ उठून बसतात. पाणी, पक्षी, मेलेली माणसं, आणि पक्ष्यानं घातलेला प्रश्न. 'तुम्ही कसे जगणार?' हे यक्षप्रश्नांचं नाव म्हणूनही शोभलं असतं.

आणि कावळा? अमेरिकेतल्या वॉशिंग्टन विद्यापीठात संशोधकांनी मुखवटे घालून, हातात मेलेला कावळा धरून कावळ्यांपुढं जाऊन पाहिलं. कावळे गोळा झाले, कलकलाट केला आणि तो मुखवटा कित्येक आठवडे विसरले नाहीत. मेलेल्या जातभाईभोवती जमणारा पक्षी आपण मेलेल्या माणसाच्या निरोपासाठी निवडला, तो काही उगाच नाही. तासन्‌तास थांबूनही तो आलाच नाही तर भटजी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावतात. पण दर्भाच्या कावळ्यापर्यंत पोचण्याआधी घरच्यांनी मेलेल्या माणसाशी मोठ्यानं बोलायचं असतं. वचन द्यायचं असतं. महेश मांजरेकरांचा 'काकस्पर्श' (२०१२) हा अख्खा सिनेमा अशा एका वचनाच्या ओझ्यावर उभा आहे. आमच्या मामाचं वचन सुदैवानं हलकं होतं. दोन वर्षांत मावशीचं लग्न झालं.

पायाखालची जमीन पाणी होते तेव्हा

बुरुजातली फरशी एकाएकी मऊ होते आणि माहितो तिच्यात बुडत बुडत खालच्या जगात पोचतो. तिथं समुद्र आहे.

बीदरच्या झरणी नरसिंहाला गेलेल्याला हे नवीन नाही. डोंगरातली गुहा. देव गुहेच्या टोकाला. तिथं जायचं तर सुमारे ३०० मीटर पाण्यातून चालायचं. आधी गुडघाभर, मग कमरेइतकं, मग छातीला लागतं. डोक्यावर वटवाघळं. लहान लेकरं बापाच्या खांद्यावर. नरसिंहानं मारलेला असुर पाणी होऊन त्याच्या पायापासून वाहतो, अशी कथा सांगतात. गुहेत काळोख असला तरी लोक गप्प राहत नाहीत. 'गोविंदा'चा गजर भिंतीवर आदळून परत येतो. मी लहानपणी आईचा पदर घट्ट धरून गेलो होतो. परत येताना कपडे चिंब, आणि बाहेरचं ऊन डोळ्यांना सोसेना.

बीदरच्या नौबादला तर जमिनीखाली करेझ आहे. पंधराव्या शतकातला, इराणी पद्धतीचा पाण्याचा बोगदा, दोन किलोमीटरहून लांब. वर चालणाऱ्याला पत्ताही लागत नाही. मधूनमधून खोल खोदलेल्या विहिरींसारख्या तोंडांतून उजेड खाली उतरतो.

आकाशातून आलेलं

सिनेमातला बुरुज आकाशातून पडलेल्या दगडाभोवती बांधलेला. मेइजी काळ सुरू व्हायच्या जरा आधी तो दगड कोसळला, पुढं तीसेक वर्षांनी पुस्तकवेड्या आजोबांनी त्याच्याभोवती इमारत उभी केली आणि एक दिवस आत गेले ते बाहेर आलेच नाहीत. वाचून वाचून डोकं फिरलं, असं घरातल्या म्हाताऱ्या सांगतात.

बीदरचा पुस्तकांचा बुरुज महमूद गवानच्या मदरशात आहे. १४७२ साली बांधलेला हा मदरसा. दर्शनी भागावरच्या निळ्या-हिरव्या फरशा आजही तुकड्यातुकड्यांनी चमकतात. दोन मिनारांपैकी एकच उरलाय. १६९६ मध्ये, औरंगजेबाच्या काळात, आत बारुदाचा स्फोट झाला आणि इमारतीचा मोठा भाग उडाला. गवान इराणच्या गिलानहून व्यापारी म्हणून आला आणि बहामनी राज्याचा वजीर झाला. त्याच्या शिक्क्याचं खोटं पत्र शत्रूंनी सुलतानापुढं ठेवलं. दारूच्या नशेत सुलतानानं शिरच्छेदाचा हुकूम दिला. ५ एप्रिल १४८१. पत्र खोटं होतं हे नंतर कळलं, आणि पश्चात्तापानं पोखरलेला तो सुलतान, तिसरा मुहम्मदशहा, वर्षभरात मेला. शोक कुणाला कसा खातो याची ही बीदरची गोष्ट शाळेत शिकवायला हवी.

आता अष्टूरला चला. शहरापासून तीन-चार किलोमीटर. शेतांच्या कडेला बहामनी सुलतानांच्या कबरींचे घुमट ओळीनं उभे. त्यातला हुमायूनशहाचा घुमट पाहून परदेशी पाहुणा पहिल्यांदा डोळे चोळतो. वीज पडली आणि घुमट उभा चिरला. अर्धा कोसळला, अर्धा अधांतरी राहिला. फळ कापून आतली साल-गर पाहावी तसा घुमट आतून दिसतो. त्याच्या पोकळीत आकाश. मियाझाकींनी काढला असता तर आपण 'काय कल्पनाशक्ती!' म्हटलं असतं.

शेजारीच अहमदशहा वलीची कबर. आत शेंदरी, सोनेरी, निळ्या रंगांची नक्षी, विजेरी लावून पाहिली की भिंती उजळून निघतात. याच राजानं कलबुर्गीहून राजधानी बीदरला हलवली. हा १४३६ मध्ये गेला. त्याच्या उरुसाला आळंद तालुक्यातल्या माड्याळचा लिंगायत जंगम आपल्या लोकांना घेऊन पायी येतो, शंख फुंकतो, कबरीवर फुलं वाहतो. मुसलमानांसाठी तो वली, लिंगायतांसाठी अल्लमप्रभूंचं रूप. उरुसाची तिथीही हिंदू पंचांगाप्रमाणे, होळीनंतरची.

मरणाला लग्न म्हणणारी माणसं

उरूस या शब्दाचा अर्थच लग्न. कलबुर्गीचे ख्वाजा बंदे नवाज १४२२ मध्ये गेले, तो दिवस सहाशे वर्षं वरातीसारखा साजरा होतो. संदल निघतो, दिवे लागतात, मिठाई वाटतात.

लिंगायत घरात माणूस मेला म्हणत नाहीत. लिंगैक्य झाला म्हणतात. देहाला बसवून, हातात इष्टलिंग देऊन समाधी देतात. बसवण्णांच्या परंपरेत मृत्यूचं सुतक मानत नाहीत. बाराव्या शतकात बसवकल्याणात उठलेला हा विचार. आमच्या गल्लीत समोरासमोरच्या दोन घरांत एकाच आठवड्यात मरण आलं तेव्हा आम्ही तेरा दिवस गोडधोड सोडलं होतं, समोरच्या घरी तिसऱ्या दिवशी लेकरं पाटी-दप्तर घेऊन शाळेत निघाली. दोन्ही घरांतल्या बायांचे डोळे सारखेच सुजलेले.

आणि मोहरम. शोकाचा महिना, पण आमच्या गावांत तो रंगांत न्हालेला असतो. ज्या गावात मुसलमानाचं एकही घर नाही तिथंही पीर बसतात. अलाव्याचा खड्डा खणतात, त्यात लाकडं पेटवतात आणि त्याभोवती रात्रभर फेर धरतात. अंगावर पिवळे-काळे पट्टे ओढून वाघ झालेली पोरं हलगीवर नाचतात. कलबुर्गीकडे कन्नडमधून रिवायत गातात, करबल्याच्या तहानेची गोष्ट. रडणं, नाचणं, आग, वाघ, सगळं एका अंगणात.

सिनेमातली हिमी मला त्या अलाव्यापाशी पाहिल्यासारखी वाटली. आगीतून प्रकट होणारी, आगीनं रक्षण करणारी मुलगी. ती माहितोची आईच, लहानपणीची. शेवटी प्रत्येकानं आपापल्या काळाच्या दारातून परत जायचं असतं. त्या दारातून गेलीस तर पुढं आगीत मरशील, असं माहितो तिला सांगतो. ती हसत जाते. त्या वाटेवर तिला हा मुलगा होणार असतो, तेवढं तिला पुरतं. ज्या आगीनं आई नेली तीच आग मुलाला घाबरवेनाशी होते.

तेरा ठोकळे, एक दगड

आजोबा पाताळातलं जग दगडी ठोकळ्यांवर तोलून धरतात. माझ्यानंतर हे तू सांभाळ, असं सांगून ते माहितोपुढं तेरा ठोकळे ठेवतात. तेरा हा आकडा ऐकून मी आणि मावशीनं एकमेकांकडे पाहिलं. दहावा, अकरावा, बारावा, तेरावा. आपल्याकडे तेराव्याला गोडाचं जेवण होतं आणि माणसं कामाला लागतात. माहितोही ठोकळे घेत नाही. दुखावलेल्या, लबाड, युद्धानं जळणाऱ्या जगात परत जाऊन मित्र जोडीन म्हणतो. मित्र कोण? तोच खोटारडा बगळा, ज्याच्या चोचीचं भोक त्यानंच लाकूड तासून बुजवलंय.

पण येताना एक दगड खिशात येतो. तिथली एवढीच खूण. तिच्यामुळं घडलेलं अजून आठवतंय, पण हळूहळू विसरशील, असं बगळा सांगतो आणि उडून जातो. मग काही वर्षं. युद्ध संपलेलं, टोकियोला परतायचं, खालून हाक येते, मुलगा खोलीतून बाहेर पडतो. सिनेमा तिथंच थांबतो.

दगड दिसताच मावशी सरसावून बसली. "ते पोरगं जीवखडा घेऊन आलं की रे!"

स्मशानात खांद्यावरचं मडकं ज्या दगडानं फोडतात तो जीवखडा. दहा दिवस त्यालाच मेलेलं माणूस समजून पाणी द्यायचं, आणि दहाव्याला कावळा शिवल्यावर नदीत सोडायचा. आजीचा जीवखडा मामानं मांजरेत सोडला तेव्हा मी पाहत होतो. सुपारीपेक्षा थोडा मोठा, काळपट. पाण्यावर एक वर्तुळ उमटलं.

"मला तो ठेवायचा होता," मावशी म्हणाली. चाळीस वर्षांत हे ती पहिल्यांदा बोलत होती. घाटावरून काही घरी आणू नये, हे तिला माहीत होतं. तरी बाया उठल्यावर तिनं चिंचेखालचा एक गोटा ओच्यात टाकला होता. तो लग्नात तिच्यासोबत हुमनाबादला गेला. सासरी कुणी विचारलं नाही, तिनं सांगितलं नाही.

ती उठून स्वयंपाकघरात गेली. कैरीच्या लोणच्याच्या बरणीवरचं फडकं सोडलं, आतल्या फोडी तेलाखाली राहाव्यात म्हणून ठेवलेला गोटा चमच्यानं बाहेर काढला आणि माझ्या तळहातावर ठेवला. तेलानं, मोहरीनं, हळदीनं पिवळा झालेला. आजीचं काही त्यात आता ओळखू येत नव्हतं. लोणचं मात्र तिच्याच पद्धतीचं होतं.